अर्धी शाळा फाटकावर भरते: काही दिवस वर्गात, काही दिवस घरून असलेल्या शाळेत पालकांनी काय करावं

शाळा सुटताना फाटकाबाहेर जी दहा मिनिटं जातात, त्यांत पालकाला निम्मी शाळा कळते. उद्या चित्रकलेचा कागद न्यायचाय, घटक चाचणी पुढे गेलीय, आपल्या मुलाचा डबा मधल्या सुट्टीत उघडलाच जात नाही. परिपत्रकात यातलं काही येत नाही. व्हॅनकाका सांगतात, शाळेतल्या मावशी सांगतात, नाहीतर शेजारी उभी असलेली दुसऱ्या मुलाची आई सांगते. शाळा काही दिवस वर्गात आणि काही दिवस घरून, म्हणजे हल्लीच्या बोलीत ‘हायब्रिड’ झाली, की अभ्यास कसाबसा चालू राहतो, पण ही दहा मिनिटं बुडतात.

पुण्यात बदली होऊन आलेल्या किंवा मुलाला पहिल्यांदाच शाळेत घातलेल्या पालकांना याचा फटका जास्त बसतो. जुन्या ओळखी असलेल्यांना फोन येतात, नव्यांना कोण करणार? खालच्या पायऱ्या त्यांच्यासाठी आहेत. पहिल्या चार पायऱ्या शाळा सुरू व्हायच्या आधी किंवा पहिल्या आठवड्यात उरका. बाकीच्या वर्षभर चालतील.

१. तुमच्या शाळेची ‘हायब्रिड’ नेमकी कुठली, ते विचारा

या एका शब्दाखाली तीन वेगळ्या पद्धती चालतात. पहिलीत वर्गाचे दोन गट असतात (बहुतेकदा हजेरी क्रमांक सम आणि विषम) आणि ते आलटून पालटून शाळेत येतात. दुसरीत वर्ग शाळेत भरतो आणि त्याच वेळी कॅमेऱ्यावरून घरी बसलेल्यांनाही शिकवलं जातं. तिसरीत एरवी रोजची शाळा असते, पण शनिवार, पावसाचे दिवस किंवा रस्ते बंद असलेले दिवस ऑनलाइन होतात. प्रत्येकीत पालकाचं काम वेगळं. दुसरी पद्धत घरी बसलेल्या मुलाला सगळ्यात जड जाते, कारण फळा नीट दिसत नाही आणि बाईंचं लक्ष साहजिकच समोरच्या बाकांकडे असतं. तुमच्या शाळेत ती असेल तर फळ्याचा फोटो तासानंतर मिळेल का, हे आधीच विचारून ठेवा.

प्रवेशाच्या वेळी किंवा पहिल्या पालकसभेत हे प्रश्न विचारा:

– घरून असलेल्या दिवशी हजेरी कशी धरतात? लिंक उघडली की हजेरी, की कॅमेरा चालू हवा, की गृहपाठ आला तरच?
– चाचणी आणि तोंडी परीक्षा वर्गातच की घरूनही?
– भावंडं एकाच शाळेत असतील तर दोघांना एकाच दिवसाच्या गटात टाकतील का? (अर्ज द्यावा लागतो. तोंडी सांगितलेलं जुलैपर्यंत विसरलं जातं.)
– पावसामुळे शाळा बंद ठेवली तर ती सुट्टी, की ऑनलाइन दिवस?
– व्हॅनचे किंवा बसचे पैसे पूर्ण महिन्याचे की येण्याच्या दिवसांचे?

शेवटच्या प्रश्नावर दरवर्षी वाद होतात, म्हणून तो जूनमध्येच सोडवा. शाळेची स्वतःची बस असेल तर शाळेशी बोला. खासगी व्हॅन किंवा रिक्षा असेल तर काकांशी आणि त्या मार्गावरच्या सगळ्या पालकांशी एकत्र बोला. निम्मे दिवस म्हणजे निम्मे पैसे हा हिशेब काकांना परवडत नाही, कारण गाडीचा हप्ता आणि विमा महिनाभराचाच असतो. पूर्ण पैशांच्या थोडं खाली ठरतं आणि ते रास्तही असतं.

पुण्यातली एक गोष्ट नव्या माणसाला माहीत नसते. आषाढी वारीत ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या शहरात मुक्कामी येतात. तेव्हा नाना पेठ, भवानी पेठ आणि पालखीमार्गावरचे रस्ते वाहतुकीला बंद होतात. गणपती विसर्जनाच्या आसपास लक्ष्मी रस्ता आणि सगळ्या पेठांचं तेच होतं. हे दिवस पंचांगात आधीच दिसतात. शाळेचं पत्र यायची वाट न बघता ते कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि त्या दिवसाचं काय, ते विचारा.

२. कागद आणि सामान

कागदपत्रांचा एक संच पिशवीत आणि एक फोनमध्ये ठेवा. वर्षभरात चार वेळा मागतात आणि दरवेळी उद्याच हवे असतात.

– मुलाचा जन्मदाखला आणि आधार, आई-वडिलांचं आधार
– आधीच्या शाळेचा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रक
– पुण्यातल्या पत्त्याचा पुरावा (भाड्याचं घर असेल तर नोंदणी केलेला भाडेकरार)
– रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं लिहिलेला एक कागद
– मुलाला न्यायला येणाऱ्या तिघांची नावं, फोटो आणि फोन नंबर
– पासपोर्ट आकाराचे आठ फोटो

न्यायला येणाऱ्यांची यादी हायब्रिड शाळेत फार महत्त्वाची. रोज येणारी माणसं रखवालदाराच्या ओळखीची होतात. आठवड्यातून दोनदा येणारे आजोबा होत नाहीत, आणि मग ते उन्हात ओळखपत्र शोधत उभे राहतात.

सामानात फार खर्च करू नका. मोठ्या पडद्याचा फोन प्राथमिकच्या मुलाला पुरतो. पाचवीच्या पुढे लिहायचं काम वाढतं, तेव्हा टॅब किंवा जुना लॅपटॉप बरा पडतो. माइक असलेला, वायरचा हेडफोन घ्या. ब्लूटूथवाले तासाच्या मधोमध चार्जिंग संपून बंद पडतात. फोन ठेवायचा स्टँड हवाच, कारण पुस्तकांच्या चळतीला टेकवलेला फोन दर दहा मिनिटांनी पडतो आणि मुलाचं लक्ष त्याच्याबरोबर. स्टँड नसेल तर भिंतीला टेकवलेलं जाड पुठ्ठ्याचं क्लिपबोर्डही चालतं.

३. जागा, नेट आणि गुरुवार

जागा ठरवताना मागची भिंत रिकामी असेल आणि उजेड मुलाच्या तोंडावर येईल असं बघा. खिडकी पाठीमागे असली की बाईंना नुसती काळी आकृती दिसते. स्वयंपाकघराशेजारची जागा टाळा. कुकरची शिट्टी माइकमधून पूर्ण वर्गाला ऐकू जाते, आणि त्यानंतर घरात होणारं बोलणंही.

नेटचा हिशेब सोपा आहे. व्हिडिओ चालू असलेल्या वर्गाला तासाला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा लागतो. रोज दीड जीबी मिळणाऱ्या मोबाइल प्लॅनवर एका मुलाचे दोन तास निघतात, दोन मुलं असतील तर दुपारपर्यंत संपतो. डेटा कमी असेल तर मुलाचा कॅमेरा बंद ठेवून समोरचं चित्र कमी दर्जाचं करा. आवाज तुटला तर तासच बुडतो, म्हणून चित्राआधी आवाज सांभाळा.

आता गुरुवार. पुण्यात वीजवाहिन्यांच्या देखभालीसाठी बहुतेकदा गुरुवारी वीज बंद ठेवतात, आणि पाणीपुरवठ्याची कामंही अनेकदा गुरुवारीच निघतात. तुमच्या मुलाचा घरून असण्याचा दिवस गुरुवार असेल तर सकाळच्या तासाला राउटर बंद पडणार हे धरून चाला. महावितरणकडे तुमचा मोबाइल नंबर वीजग्राहक क्रमांकाशी जोडून घ्या, म्हणजे बंदचा संदेश येतो. भाड्याच्या घरात नंबर मालकाचा असतो आणि संदेशही त्यालाच जातो. हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

राउटरसाठी छोटा यूपीएस घेता येतो. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा वाचा. तिथे बहुतेकदा १२ व्होल्ट आणि १ किंवा दीड अँपिअर लिहिलेलं असतं. यूपीएसचा व्होल्ट तोच हवा, अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो. पिन बसते का, तेही दुकानातच बघा. इतकं करूनही वीज गेल्यावर नेट जातं, कारण काही इमारतींत केबलवाल्याची पेटी जिन्यात किंवा गच्चीवर असते आणि ती सोसायटीच्या विजेवर चालते. घरचा राउटर पेटलेला, दिवे हिरवे, आणि नेट नाही. अशा वेळी केबलवाल्याला विचारा की पेटीला बॅटरी आहे का, आणि नसेल तर सोसायटीच्या सभेत विषय काढा. तोवर उपाय एकच: दुसऱ्या कंपनीच्या सिमवर हॉटस्पॉट. घरातली दोन्ही सिम एकाच कंपनीची असली तर टॉवर बंद पडल्यावर दोन्ही एकदम जातात.

४. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप: फाटकाची जागा कोण घेणार

या पायरीवर जास्त वेळ घालवा, कारण बहुतेक शाळांचं पालकजीवन हल्ली इथेच असतं आणि इथेच बिघडतं.

एका वर्गाला दोन ग्रुप लागतात. पहिला सूचनांचा: त्यात फक्त वर्गशिक्षिका आणि एक-दोन पालक प्रतिनिधी लिहितील, बाकीचे वाचतील. सेटिंगमध्ये ‘फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात’ हा पर्याय आहे. दुसरा गप्पांचा, फक्त पालकांचा, ज्यात शिक्षक नसतात. एकच ग्रुप ठेवला की गृहपाठाच्या सूचनेवर बावीस अंगठे, नऊ ‘धन्यवाद मॅडम’ आणि एक वाढदिवसाचा केक येतो. संध्याकाळी सात वाजता घरी पोचलेल्या हिंजवडीच्या पालकाला मूळ सूचना सापडत नाही. मग तो विचारतो, “उद्या काय आणायचंय?” आणि सगळं पुन्हा सुरू होतं.

सूचनांच्या ग्रुपवर आठवड्याचं वेळापत्रक रविवारी संध्याकाळी टाकून ते वर पिन करून ठेवायला सांगा. पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस ठेवता येते. सात दिवसांची नेमकी बसते. होकार-नकार हवा असेल (सहलीला येणार का, सभेची वेळ सकाळची की संध्याकाळची) तर प्रत्येकाकडून उत्तर मागण्यापेक्षा मतदानाचा पर्याय वापरा. एका दृष्टिक्षेपात उत्तर कळतं.

गप्पांच्या ग्रुपला तीन नियम पुरतात आणि ते पहिल्याच दिवशी लिहून टाकावेत. रात्री नऊनंतर काही टाकायचं नाही. कुठल्याही मुलाचं किंवा शिक्षकाचं नाव घेऊन तक्रार नाही. वर्गाचे, मुलांचे फोटो त्या-त्या पालकाला विचारल्याशिवाय नाहीत. तिसऱ्या नियमाला आता कायद्याचाही आधार आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. घरचा ग्रुप त्या कायद्याच्या कक्षेत येतो का हा वाद घालत बसण्यापेक्षा विचारून टाकणं सोपं. त्यातून ऑनलाइन वर्गाचा स्क्रीनशॉट काढून तो कौतुकानं स्टेटसला लावणारे आई-बाबा प्रत्येक वर्गात असतात. त्या स्क्रीनशॉटमध्ये तीस घरांच्या आतल्या खोल्या दिसतात, हे त्यांच्या ध्यानात आलेलं नसतं.

पावसाळ्यातला सापळा वेगळा आहे. शाळांना सुट्टी जाहीर केल्याचं पत्र फिरतं, आणि ते गेल्या वर्षीचं असतं. पत्र पुढे पाठवण्याआधी त्यावरची तारीख आणि जिल्हा वाचा. २५ जुलै २०२४ ला मुठेचं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं, त्या दिवशी पुण्यात शाळा खरोखरच बंद होत्या. पण तसल्या एका पत्राचा फोटो पुढे कितीही वर्षं पुन्हा फिरू शकतो. शाळेच्या सूचनांच्या ग्रुपवर आलं तरच खरं, एवढं ठरवून टाका. आणि ‘सुट्टी’ लिहिलंय की ‘शाळा ऑनलाइन’, ते नीट वाचा. या दोहोंतली गफलत झाली की निम्मी मुलं लिंकवर आणि निम्मी झोपलेली असतात.

वर्गशिक्षिकेला खासगी संदेश करायचा असेल तर मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक पहिल्याच ओळीत लिहा. “मॅडम, आज आरव येणार नाही” असं येतं तेव्हा त्यांच्याकडे तीन आरव असतात. उत्तर शाळेच्या वेळात येईल, लगेच येणार नाही. संध्याकाळी त्यांच्या घरीही एक मूल ऑनलाइन गृहपाठ करत असतं.

५. गृहपाठ पोचवणं

शाळा जे अ‍ॅप वापरत असेल (अनेक ठिकाणी गूगल क्लासरूम असतं) त्यात मुलाच्या शाळेनं दिलेल्या खात्यानंच शिरा. घरच्या ईमेलनं उघडलं की ‘वर्ग सापडत नाही’ असं येतं, आणि अडचण नेटची आहे असं वाटून अर्धा तास जातो. गूगल भारतात १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं खातं स्वतः उघडू देत नाही, म्हणून शाळेचं खातं किंवा पालकांनी ‘फॅमिली लिंक’नं बनवलेलं खातंच वापरावं लागतं. जन्मवर्ष खोटं टाकून उघडलेली खाती पुढे भलत्या वेळी बंद होतात.

वहीचा फोटो काढताना वही जमिनीवर, खिडकीपाशी ठेवा आणि फोन बरोबर वर, पानाला समांतर धरा. तिरका फोटो वाचता येत नाही. दहा सुटे फोटो पाठवण्यापेक्षा गूगल ड्राइव्हमधल्या स्कॅनच्या सोयीनं एकच पीडीएफ करा आणि फाइलला नाव द्या: ‘५ब_२३_गणित’. कॅमस्कॅनर वापरायची सवय असलेल्यांना आठवण: जून २०२० मध्ये सरकारनं बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये ते होतं.

सगळ्यात मोठी चूक शेवटी होते. फाइल जोडली म्हणजे पोचली असं वाटतं, पण ‘जमा करा’चं बटण दाबलं नाही तर शिक्षिकेच्या यादीत मुलापुढे ‘बाकी’ असंच दिसतं. बटण दाबल्यावर खूण बदलली का, ते बघूनच फोन खाली ठेवा. दर शुक्रवारी मुलाबरोबर पाच मिनिटं बसून ‘बाकी’ची यादी तपासा. पालकांना ईमेलवर आठवड्याचा सारांश पाठवायची सोयही क्लासरूममध्ये आहे, पण ती शाळेनं चालू करावी लागते, तेव्हा कार्यालयात विचारा.

आणि कृपा करून मुलाचा गृहपाठ तुम्ही करू नका. ऑनलाइन वर्गात मागून हळूच उत्तर सांगणाऱ्या आईचा आवाज बाईंना स्पष्ट ऐकू येतो. त्या बोलत नाहीत इतकंच. मुलाला काय येत नाही हे त्यांना कळलंच नाही तर त्या शिकवणार काय?

तासांच्या प्रमाणाचा एक अधिकृत आधार जवळ ठेवा. केंद्राच्या जुलै २०२० च्या ‘प्रज्ञाता’ सूचनांनुसार पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच ऑनलाइन तास सुचवले आहेत, नववी ते बारावीला चार. पूर्वप्राथमिकला पालकांशी संवाद धरून ३० मिनिटांच्या पुढे जाऊ नये. दुसरीतल्या मुलाला शाळा सलग चार तास पडद्यासमोर बसवत असेल तर सभेत हा आकडा मांडता येतो. पडद्यापुढचा वेळ कमी केला तर पुस्तकाकडे वळा: बालभारतीची पाठ्यपुस्तकं तिच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतात आणि पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवरचा मजकूर उघडतो.

६. पालकसभा

ऑनलाइन सभेला जास्त पालक येतात हे खरं, पण बोलतात कमी. दहा मिनिटांची वैयक्तिक भेट मिळणार असेल तर तिची तयारी अशी करा: एका कागदावर तीनच प्रश्न. पहिला, मूल वर्गात असताना आणि घरून असताना यांत काय फरक दिसतो? दुसरा, मधल्या सुट्टीत ते कोणाबरोबर असतं? तिसरा, घरी आम्ही कुठली एक गोष्ट करावी? गुणांची चौकशी प्रगतिपुस्तक आल्यावरही करता येते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा चकित करतं. घरी बडबडं मूल वर्गात गप्प असतं, किंवा उलट. पडद्यावर हात वर न करणारं मूल वर्गात पहिल्या बाकावर उभं राहून बोलतं. असा फरक असेल तर शिक्षिकेशी ठरवा की घरून असलेल्या दिवशी त्याला निदान एक प्रश्न नाव घेऊन विचारायचा. अशी छोटी विनंती शिक्षक आनंदानं मान्य करतात. “त्याच्याकडे जास्त लक्ष द्या” याचा मात्र त्यांना काहीच उपयोग नसतो.

शाळा इंग्रजी माध्यमाची असली आणि सभा इंग्रजीत चालली तरी प्रश्न मराठीत विचारता येतो. लातूर-नांदेडकडून आलेले कित्येक पालक या संकोचापायी वर्षभर गप्प बसतात. राज्यात २०२० च्या कायद्यानं सगळ्या माध्यमांच्या आणि मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. म्हणजे सभेत मराठी समजणारं कोणीतरी नक्की असतं. आजी-आजोबा मूल सांभाळत असतील तर त्यांनाही लिंक द्या, कारण दिवसभर मुलापाशी तेच असतात.

फुकटच्या खात्यावर सभा घेणार असाल तर वेळेचं गणित आधी करा. झूमवर ४० मिनिटांनी आणि गूगल मीटवर तिघं किंवा जास्त असतील तर ६० मिनिटांनी सभा तुटते. शाळेच्या शैक्षणिक खात्यावरून घेतली तर ही अडचण येत नाही.

७. संघ, समिती, आणि तुमचा खरा अधिकार

खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत मुख्याध्यापकांनी तो स्थापन करायचा असतो आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे पालक त्याचे सदस्य असतात. कार्यकारी समितीसाठी इच्छुक पालकांमधून सोडत काढतात. म्हणजे जुनी ओळख किंवा वजन लागत नाही, नाव दिलं तर नव्या पालकालाही संधी असते. समितीत मुख्याध्यापक अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांपैकी, सचिव शिक्षकांपैकी आणि प्रत्येक इयत्तेतून एक पालक व एक शिक्षक असतात. व्यवस्थापनानं सुचवलेलं शुल्क या समितीपुढे येतं. ठरलेलं शुल्क दोन वर्षं टिकतं. घरून चालणाऱ्या दिवसांत जेवण, बस, प्रयोगशाळा यांचे पैसे कसे धरायचे हा प्रश्न मांडायची जागा ही आहे. व्हॉट्सॲपवर मांडला तर ठरत काहीच नाही, फक्त तापमान वाढतं.

सोडतीची सूचना हायब्रिड वर्षांत नजरेआड होते, कारण ती फलकावर लागते आणि फलक बघायला कोणी शाळेत गेलेलं नसतं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात (सीबीएसईला एप्रिलच्या) कार्यालयात फोन करून तारीख विचारा.

महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या सदस्य महिला. सभा दिवसा असते, मजुरी बुडते, म्हणून बऱ्याच आया येत नाहीत. वेळ संध्याकाळची किंवा शनिवारची मागणं हा सदस्यांचा हक्कच समजा.

शाळेच्या गाड्यांसाठी वेगळी परिवहन समिती असते, २०११ च्या स्कूलबस नियमांप्रमाणे. तीत मुख्याध्यापकांबरोबर पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, वाहतूक पोलिस आणि आरटीओचे निरीक्षकही असतात. व्हॅनमध्ये कोंबून मुलं बसवली जात असतील तर इथे लेखी द्या. गट अर्धे झाले की काही व्हॅनवाले दोन फेऱ्यांची एक करून टाकतात, त्यावर लक्ष ठेवा.

८. दोन गटांतली मुलं एकमेकांना ओळखतात का?

सोमवार-बुधवारच्या गटातल्या मुलाला मंगळवार-गुरुवारच्या गटातली मुलं नुसती चौकटीतली नावं म्हणून माहीत असतात. वर्षअखेरीला एकत्र बसवलं की दोन टोळ्या होतात. हे पालकच मोडू शकतात, आणि त्याला खर्च येत नाही.

राहण्याच्या भागाप्रमाणे छोटे गट करा: कोथरूड-वारजे, हडपसर-मगरपट्टा, खराडी-वाघोली. सहा ते आठ घरं पुरेत. महिन्यातून एक रविवार सकाळी बागेत भेटायचं. एम्प्रेस गार्डन मोठं आहे, सारसबाग मध्यावर आहे. पावसात राजा दिनकर केळकर संग्रहालय बरं पडतं. कार्यक्रम ठरवू नका. चेंडू आणि भेळ एवढं पुरतं. मुलं खेळतात आणि पालक बाकावर बसून बोलतात. फाटकावरची ती दहा मिनिटं इथे दोन तासांची होतात.

शाळेत गर्दी टाळायची असेल तर सण छोटे करून वाटता येतात. आषाढीची दिंडी प्रत्येक गटाची आपापल्या दिवशी. नवरात्रात भोंडला सोसायटीच्या आवारात, पाटावर हत्ती काढून. खिरापत कोणती ते मुलांनी ओळखायचं, आणि दुसऱ्या गटाच्या मुलांनी ते व्हिडिओवरून ओळखायचं. गॅदरिंगमध्ये प्रत्येक नाचात दोन्ही गटांची मुलं असावीत असा आग्रह समितीत धरा. तालमी घरून आणि वर्गात विभागून होऊ शकतात, पण शेवटच्या तीन तालमी एकत्रच लागतात. नाहीतर रंगमंचावर डावी-उजवी उलटी होते, कारण फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात मुलं स्वतःला आरशासारखं बघून शिकलेली असतात.

शाळेला मदत करायची असेल तर तुम्हाला खरंच जमतं तेच सांगा आणि तारीख देऊन सांगा. “काहीही लागलं तर सांगा” यावर शाळा काही मागत नाही. “ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी तासभर, पाचवीच्या मुलांना वीजमीटर वाचायला शिकवतो” यावर लगेच होकार येतो.

९. ज्या घरात फोन एकच आहे

वर्गात शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांवरून आलेली मुलं असतात, आणि इतरही घरं असतात जिथे एकच स्मार्टफोन वडिलांबरोबर कामावर जातो. त्या मुलाची गैरहजेरी आळसातून येत नाही. हे कोणाचं नाव न घेता हाताळता येतं. शिक्षिकेला सुचवा की घरून असलेल्या दिवसाचं काम छापील कागदावर आधीच्या शाळेच्या दिवशीच सगळ्यांना द्यावं. सगळ्यांना दिलं की कोणी वेगळं पडत नाही. दिलेला तास संध्याकाळी पुन्हा ऐकता येईल अशी ध्वनिफीत ग्रुपवर टाकली तर ती व्हिडिओपेक्षा खूप कमी डेटा खाते.

जुना फोन द्यायचा असेल तर तो शाळेमार्फत द्या, थेट घरी नेऊन देऊ नका. देण्याआधी तुमची खाती काढून फोन पूर्ण पुसा. बॅटरी तासभर टिकते का बघा, आणि चार्जर बरोबर द्या. चार्जर नसलेले फोन शाळेच्या कपाटात पडून राहतात.

१०. काही बिनसलं तर

क्रम असा: आधी वर्गशिक्षिका, मग पर्यवेक्षक, मग मुख्याध्यापक, मग संघ किंवा समिती. त्यानंतरही अडलं तर शिक्षणाधिकाऱ्यांचं कार्यालय. प्रत्येक पायरीवर लेखी द्या आणि पोच घ्या. ईमेलची पोच चालते, व्हॉट्सॲपच्या दोन निळ्या खुणा पोच धरू नका. अर्ज एका पानाचा असावा. त्यात काय झालं, कोणत्या तारखांना झालं आणि तुम्हाला काय हवंय, एवढंच हवं. ऑनलाइन हजेरी चुकली असेल तर त्या दिवसाचा वर्गात असल्याचा पुरावा, म्हणजे जमा केलेल्या गृहपाठाची वेळ, जोडा. हजेरीची दुरुस्ती महिना संपायच्या आत मागा. महिना उलटला की ती सरकारी नोंदींत पुढे गेलेली असते आणि मग कार्यालयातले लिपिक हात वर करतात.